स्वच्छता आठवड्याचा फोटो

शनिवारी शाळा सुटायच्या सुमारास दुसरी 'ब'च्या पालकांच्या ग्रुपवर 'आमचा आठवडा' यायचा. चार-पाच फोटो आणि त्याखाली फुलं-चांदण्या लावलेला मजकूर. गणितात कुठपर्यंत आलो, कोणती कविता पाठ झाली, परिसर अभ्यासात काय पाहिलं आणि घरी मुलांना काय विचारायचं, सगळं त्यात असायचं. ग्रुपवर लिहायची सोय फक्त शाळेला होती. पालकांनी खाली अंगठा दाखवायचा, नाहीतर हात जोडायचे.

स्वप्नाली त्या मेसेजची वाट बघायची. राजारामपुरीत एका चष्म्याच्या दुकानात ती काउंटरला होती. शनिवारी दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की मोबाईल काचेच्या कपाटाला टेकवून ती एकेक फोटो मोठा करून बघायची. लेक राजनंदिनी, घरातली नंदू, कुठं उभी आहे, वेणी सुटलीय का, हसतेय का. मग अंगठा टाकायची. लेकीला या शाळेत घातलं याचं तिला समाधान होतं. नवरा अमरसिंहनं संस्था चालवणाऱ्या विजयसिंह दादांकडं खेटे घालून प्रवेश मिळवला होता, आणि गल्लीत तेवढ्यानंही त्यांचा मान वाढला होता.

जूनपासून एक गोष्ट तिच्या नजरेला येत होती, पण मनावर तिनं घेतली नव्हती. नंदू घरी आली की दप्तर पायरीवर टाकून, बूटसुद्धा न काढता संडासाकडं पळायची. पाण्याची बाटली सकाळी भरून दिलेली तशीच परत यायची.

"अगं, पाणी का पीत न्हाईस?"

"तहानच लागत न्हाय."

"दिवसभर हुंदडणारी पोरगी तू, तहान कशी लागत न्हाय?"

नंदू दप्तर उचलून आत पळायची. स्वप्नाली रागवायची आणि बाटली रिकामी करून टाकायची.

दिवाळीच्या आधी शाळेत स्वच्छता आठवडा झाला. त्या शनिवारचा मेसेज नेहमीपेक्षा लांबलचक होता. 'या आठवड्यात आपण शिकलो: हात धुण्याची योग्य पद्धत. शौचालयाचा योग्य वापर. स्वच्छ शाळा, निरोगी मुले. घरी विचारा: आज तू शाळेत किती वेळा पाणी प्यायलास?' पहिल्याच फोटोत नंदू पुढं उभी होती. मागं पांढऱ्या फरशा, चकाकणारं बेसिन, कडेला हिरवी कुंडी. पोरं ओळीनं हात पुढं करून उभी. स्वप्नालीनं तो फोटो स्टेटसला ठेवला. कोडोलीहून तिच्या भावानं लगेच विचारलं, "शाळा हाय का हॉटेल?" ती खूष झाली.

रविवारी नंदूला थंडी वाजून ताप भरला. लघवीला बसली की ती ओठ दाबून रडायची. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, लघवी तपासायला पाठवली आणि रिपोर्ट बघून म्हणाले, "इन्फेक्शन आहे. ही दिवसभर लघवी तुंबवून ठेवते का? शाळेत जात नाही का बाथरूमला?"

नंदू आईच्या मागं सरकली.

घरी आल्यावर स्वप्नालीनं तिला गरम पाण्यानं पुसून काढलं. पुसता पुसता हळूच विचारलं, "शाळेत कुणी भीती घालतंय का?"

"न्हाय."

"मग जात का न्हाईस?"

नंदू म्हणाली, "तिथं किडं हायत."

"कुठं?"

"मुलींच्या बाथरूममदी. पांढरं. वळवळत्यात. पायावर चढत्यात."

"अगं, मग तो फोटो?"

"ते ऑफिसातलं हाय. त्याला कुलूप असतंय. फोटोसाठी उघडलं हुतं. नळाला हात लावायचा न्हाई म्हणल्या मॅडम."

स्वप्नालीला ते खरं वाटलं आणि नाहीही. पोरं वाढवून सांगतात, हे तिला माहीत होतं. तिनं वर्गशिक्षिका सौंदर्या मॅडमना फोन लावला. मॅडम वयानं लहान, आवाज गोड. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅम, राजनंदिनी थोडी सेन्सिटिव्ह आहे. घरी सवय लावा. सकाळी सगळं नीट करूनच पाठवा. बाकी शाळेचं तुम्ही फोटोत बघितलंच आहे."

ताप उतरल्यावर नंदू शाळेत गेली. दुपारचं औषध द्यायचं होतं म्हणून स्वप्नाली दुकानातून तासाभराची सुट्टी घेऊन रिंग रोडला शाळेत पोचली. वॉचमननं अडवलं. "पालकांना ऑफिसपर्यंतच सोडायचं हाय, ताई."

ऑफिसात उदबत्ती जळत होती. शिपायानं नंदूला बोलावून आणलं, तिनं औषध घेतलं आणि ती वर्गात परतली. स्वप्नालीनं बाथरूमला जायचंय म्हणून सांगितलं. शिपायानं खिशातून किल्ली काढून दिली.

दार उघडल्या उघडल्या तिनं ओळखलं. त्याच पांढऱ्या फरशा, तेच बेसिन. कुंडीतली पानं प्लॅस्टिकची होती. कोपऱ्यात न फोडलेला साबण, खुंटीला घडी न मोडलेला टॉवेल. नळ सोडला तर पाणी धो धो आलं. तिनं कुलूप लावलं, किल्ली टेबलावर ठेवली आणि बाहेर पडायच्या ऐवजी इमारतीच्या मागं वळली.

वास लांबूनच आला. आधी तिला वाटलं, शेजारी कुणाचा तरी गोठा असेल. मुलींच्या बाथरूमच्या भिंतीवर फुलपाखरू काढलं होतं आणि खाली मोठ्या अक्षरात 'स्वच्छता' लिहिलं होतं. भिंतीच्या आडोशाला चौथी-पाचवीतल्या दोन पोरी होत्या. एक गवतात बसली होती. दुसरी तिच्यापुढं स्कर्टचा घेर पसरून राखण करत उभी होती. स्वप्नालीला बघून दोघी दचकल्या.

"आत का जात न्हाई गं?"

"आत कोण जातंय?" राखण करणारी म्हणाली. "धुणाऱ्या झुंबरमावशी येत न्हाईत आता."

"का?"

"दादांच्या बंगल्यावर असत्यात की. शाळा उघडल्यापासनं."

स्वप्नालीनं दार ढकललं. उंबऱ्याशीच पाण्याचं तळं साचलं होतं, आणि ते नुसतं पाणी नव्हतं. संडासाची तीन भांडी होती. दोन काठोकाठ भरलेली, वर फेस धरलेला. तिसऱ्यावर कुणीतरी पुठ्ठा टाकला होता आणि तो पुठ्ठासुद्धा भिजून फुगला होता. नळाला तोटी नव्हती, भोकात चिंधी कोंबलेली. भिंतीवर बोटं पुसल्याचे तपकिरी पट्टे होते, पोरींच्या हाताच्या उंचीला. तिनं खाली बघितलं. पांढरं काहीतरी वळवळत तिच्या चपलेकडं येत होतं. माश्यांचा घोळका तोंडावर उठला आणि एक माशी ओठाला लागली.

ती बाहेर पळाली आणि गवतातच ओकली. त्या दोन पोरी हसल्या नाहीत. त्यातली एक शहाण्या बाईसारखी म्हणाली, "आमी पण ओकलो हुतो. पयल्यांदा."

सौंदर्या मॅडम वर्गात फळ्यावर पाढे लिहीत होत्या. स्वप्नालीनं त्यांना दारात बोलावलं. तोंडाला ओकारीचा आंबट वास येत होता, तो पुसायचंही तिला सुचलं नाही.

"मॅडम, तुम्ही मागं कधी गेलाय?"

मॅडमनी आधी वर्गाकडं पाहिलं, मग कॉरिडॉरकडं. "मॅम, आम्ही दोनदा लिहून दिलंय ऑफिसला."

"आणि फोटो?"

"मजकूर ऑफिसातून तयार येतो. मी फक्त फोटो काढते."

"माझ्या पोरीला तिथं उभी करून काढलासा. नळाला हात लावू नको म्हणलासा. आणि फोनवर मला म्हणता, पोरगी नाजूक हाय."

"तसंच सांगायला सांगितलंय आम्हाला." मॅडमचे डोळे भरले. "माझी नोकरी अजून कायम नाही, मॅम."

दुसऱ्या कुठल्या वेळी स्वप्नालीला तिची कीव आली असती. त्या क्षणी ते भरलेले डोळे, ती गोड जीभ, खडूनं माखलेली बोटं, सगळ्याचीच तिला शिसारी आली. ती नंदूला घेऊन घरी आली. चपला तिनं दाराबाहेरच ठेवल्या, घासल्या, पुन्हा घासल्या आणि शेवटी टाकून दिल्या.

अमरसिंह संध्याकाळी घरी आला तेव्हा तिनं सगळं सांगितलं. तो मधेच म्हणाला, "बास बास, चहा प्यालोय आत्ताच."

"तुम्हाला ऐकवत न्हाय, आणि ती पोरगी तिथं जायची!"

"तसं न्हाय गं. दादांच्या शब्दावर ॲडमिशन मिळालीय. मी गोडीत बोलतो त्यांच्याशी."

तो बोलला. दादा म्हणाले, "करून घेतो की, अमरसिंह. तुमची मुलगी ती आमची मुलगी." एवढ्यावर अमरसिंह समाधानानं परत आला. त्या आठवड्यात काही झालं नाही. स्वप्नालीनं नंदूला घरीच ठेवलं.

पुढच्या शनिवारी पालक सभा होती. हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर सगळ्या वर्गांचे 'आमचा आठवडा' दाखवणार होते. विजयसिंह दादा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले. ते शेजारून गेले तेव्हा अत्तराचा भपका आला आणि स्वप्नालीनं नाकाला पदर लावला. पडद्यावर दुसरी 'ब'चा स्वच्छता आठवडा लागला. पांढऱ्या फरशा, बेसिन, पुढं नंदू. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

स्वप्नाली उभी राहिली. तिचा आवाज मोठा निघाला.

"दादा, हे ऑफिसातलं बाथरूम हाय. पोरींचं मागं हाय. आपण सगळी उठून ते बघून येऊ."

अमरसिंहनं तिचा पदर खाली ओढला. दादा हसले. "ताई, प्रश्नोत्तरं शेवटी ठेवलीत."

"प्रश्न न्हाईच माझा. नुसतं चला. हे हितनं मागं."

कुणी हललं नाही. पुढच्या रांगेतली एक बाई मोबाईलमध्ये डोकं घालून बसली. मग मागून सुष्मिता उठली. तिची लेक भूमिका नंदूच्याच बाकावर बसायची. घर जयसिंगपूरकडचं, व्यापाऱ्याचं. ती उठल्यावर आणखी काही बाया उठल्या, आणि बाया उठल्या म्हणून काही पुरुष. शेवटी दादांनाही यावंच लागलं.

मागं उंबऱ्यापुढं पांढरी पावडर टाकली होती, हवेत कसला तरी गुलाबी वास फवारला होता. दाराला नवंकोरं कुलूप होतं आणि कागद चिकटवला होता, 'दुरुस्ती चालू'.

"बघा," दादा म्हणाले, "काम काढलंच आहे आपण."

"किल्ली द्या," स्वप्नाली म्हणाली.

"किल्ली ठेकेदाराकडं आहे."

सुष्मितानं पुढं होऊन कुलूप धरून ओढलं. प्लॅस्टिकचं दार, कोयंडा स्क्रूसकट निघून हातात आला. आत काहीच बदललेलं नव्हतं. गुलाबी वासात मिसळून ती घाण जास्तच उग्र झाली होती. पुरुषांनी रुमाल नाकाला लावले. एकजण "अरारारा" म्हणत मागं सरकला. एका बाईनं नुसते डोळे मिटून घेतले.

"आमची भूमिका पण जात न्हाय," सुष्मिता एकदम म्हणाली. तिच्या हातात अजून तो कोयंडा होता. "मी तिला डायपर घालून पाठवतो."

भूमिका सात वर्षांची होती.

"सोमवारपासनं शनवारपर्यंत. घरी आली की बदलतो. मांड्या सोलून निघाल्यात तिच्या." सुष्मिता कुणाकडंच बघत नव्हती. "काय करू मग?"

आणखी एक बाई म्हणाली, आपली लेक डब्यातली भाजी टाकते, पोटात गेलं तर जावं लागेल म्हणून. एक बाप म्हणाला, पोरगी सांगत होती, मला वाटलं शाळेत जायचा कंटाळा. स्वप्नाली ऐकत राहिली. आत बघून तिला आली नव्हती एवढी किळस तिला आता आली. सगळ्यांना माहीत होतं. कुणाला पूर्ण, कुणाला अर्धं. आणि दर शनिवारी सगळ्यांनी अंगठे दिले होते. तिनंही.

दादांनी घसा साफ केला. "माता-भगिनींनी मोकळेपणानं भावना मांडल्या, याचा मला आनंद आहे. सगळ्यांची नोंद घेतली आहे." मग मागं वळून शिपायाला म्हणाले, "फोटो काढ रे."

फोटो निघाला. हॉलमध्ये गरम वडे आणि चहा तयार होता. लोक परत जाऊन रांगेत उभे राहिले. ज्यांनी नाकाला रुमाल लावले होते तेच त्या रुमालांनी तोंड पुसत वडे खाऊ लागले. एका पालकानं स्वप्नालीपुढं ताटली धरली. "घ्या की ताई, बरं केलंसा बोललासा." तिनं ताटलीकडं बघितलं आणि ती फाटकाबाहेर पडली.

पुढच्या शनिवारी ती दुकानात असताना मेसेज आला. 'आमचा आठवडा: पालकांचा सहभाग. पालकांनी शाळेतील सुविधांची उत्साहाने पाहणी केली व मोलाच्या सूचना दिल्या. संस्थेचे मनःपूर्वक आभार.' पहिल्याच फोटोत ती स्वतः होती. दार, चिखल, किडे, सगळं कापून टाकलेलं. मागं फक्त भिंतीवरचं फुलपाखरू. उलटी दाबायला तिनं तोंडाला हात लावला होता, तो फोटोत असा दिसत होता की बाई लाजून हसतेय. शेजारी दादा, हात जोडून.

खाली अंगठे पडत होते. तिनं बोटानं यादी वर सरकवली. पहिल्या काही अंगठ्यांतच अमरसिंहचा होता.

घरी आल्यावर तिनं मोबाईल त्याच्यापुढं धरला. "हे तुम्ही दिलासा?"

त्यानं बघितलं. चेहरा उतरला. "सवयीनं पडला गं. बघितलंपण न्हाय मी काय हाय ते."

"माझा फोटो हाय."

"काढतो. आत्ता काढतो."

त्यानं अंगठा काढला. स्वप्नाली भाकरी थापायला बसली, पण पिठाला हात लावावासा वाटेना. आपल्याच हातांची तिला घाण वाटत होती. तिनं परात बाजूला सारली आणि म्हणाली, "सोमवारी मी नंदूचा दाखला काढतो."

"वर्षाच्या मधेच? आणि कुठं घालणार?"

"महापालिकेच्या शाळेत. कोपऱ्यावरच्या."

"लोक काय म्हणतील? दादा काय म्हणतील?"

"दादांचं बाथरूम झुंबरबाई धुत्यात," ती म्हणाली. "त्यांना कशाला काय म्हणायला पाहिजे?"

सोमवारी अमरसिंह तिच्याबरोबर गेला, मात्र फाटकाबाहेर गाडीवर बसून राहिला. आत क्लार्कनं विचारलं, शाळा सोडण्याचं कारण काय लिहू?

"मुलींचं बाथरूम."

"ताई, असं लिहिता येत नाही."

"मग खरं काय लिहिता येतंय?"

क्लार्क मुख्याध्यापिकांकडं जाऊन आला आणि त्यानं लिहिलं, 'पालकांच्या विनंतीवरून'. वाद घालायची ताकद स्वप्नालीत अजून होती, पण तिथं जास्त वेळ श्वास घ्यायची तिची इच्छा नव्हती. दाखला घेऊन ती निघाली. कॉरिडॉरमध्ये सौंदर्या मॅडम पोरांच्या रांगेचा फोटो काढत होत्या. त्यांनी तिला पाहिलं आणि मोबाईल डोळ्यांसमोर तसाच धरून ठेवला.

भूमिकाचा दाखला काढता का म्हणून सुष्मितालाही तिनं विचारलं होतं. सुष्मिता म्हणाली, "तुमचं बरं हाय. आमच्या सासऱ्यांची सगळी उठबस दादांकडं. आमाला न्हाय जमायचं." मग जरा थांबून म्हणाली, "डायपरचं कुठं बोलू नका हं. बोललो त्या दिवशी, चुकलं."

महापालिकेच्या शाळेत बाळासो गुरुजींनी दाखला हातात घ्यायच्या आधीच स्वप्नालीनं बाथरूम दाखवा म्हणून सांगितलं. गुरुजी ओशाळले. "जुनं हाय, ताई." दाराला खाली पत्रा ठोकला होता, कडी वाकडी होती, भिंतीचे पोपडे निघाले होते. पण फिनेलचा वास होता आणि पिंपात पाणी होतं. नंदू आईचा हात सोडून दारापर्यंत गेली, वाकून आत बघितलं, कोपरे बघितले, वर बघितलं. मग आत गेली. स्वप्नाली बाहेर उभी राहिली. पोरगी आपणहून आत गेली याचाही तिला धड आनंद झाला नाही. सात वर्षांच्या पोरीनं संडासाचे कोपरे तपासून आत जावं, हे बघून तिला रडू आलं.

नंदूचं इन्फेक्शन पुन्हा एकदा उलटलं. पाणी पी म्हणून न सांगता ती पाणी प्यायला लागली, तोपर्यंत उन्हाळा आला होता.

जुन्या शाळेतून दिवाळीनंतर आणखी दोन पोरी निघाल्या. भूमिका तिथंच राहिली. ग्रुपमधून स्वप्नाली बाहेर पडली होती, अमरसिंह मात्र अजून होता. एके दिवशी जेवताना तो घास मोडत म्हणाला, "ऐकलंस का? दादांनी मुलींचं बाथरूम नवीन बांधलं. फीत कापली काल. लई झकास झालंय म्हणं, फोटो आलाय बघ..."

"जेवताना त्यांचं नाव काढू नका," स्वप्नाली म्हणाली आणि ताट उचलून चुलीकडच्या खोलीत जाऊन बसली.